साध्या कैदेचा अर्ज

३ मार्च
मिस्त्रींनी आज पुन्हा माझ्या हातातून रंधा काढून घेतला. नऊ वर्षं आत आहेत, तुरुंगाची सुतारशाळा त्यांच्याच जिवावर चालते. "लाकडावर कशाला राग काढतोस? त्याला बहीण नाही!" सगळे हसले. जिच्यावर जीव जडला, तिच्याच भावाचं नाक फोडून मी इथे आलो, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

९ मार्च
मिस्त्रींनी तुरुंगावर लावलेल्या दाव्याची तारीख लागली. राबणाऱ्या कैद्याला कामगार म्हणायचं की नाही, वेतनाचा कायदा त्याला लागू की नाही — एवढाच प्रश्न. कायद्याचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं, पण दावा मीच लिहून दिलाय! पैशाचं त्यांना फार नाही. "पोरगा शाळेत सांगतो, बाबा फर्निचरच्या कारखान्यात आहेत. ते खोटं ठरू नये."

१७ मार्च
सरकारी वकील म्हणतो, मिस्त्रींची सक्तमजुरी ही शिक्षाच. शिक्षा भोगणारा नोकर कसा?
आमच्या वकीलबाईंनी भेटीच्या जाळीतून मला विचारलं, "तुला तर साधी कैद. कामाची सक्ती नाही. मग सुतारशाळेत कसा?"
अर्ज करून आलो, म्हटलं.
"तोच अर्ज कोर्टात वाचून दाखवते! स्वतःहून कामाला आलेला माणूस!"
मेलो. त्यात तिचं नाव आहे, आडनावासकट! 'रिकामा बसलो की हिच्याशिवाय काही सुचत नाही. कसलंही काम द्या, नाहीतर भिंतीवर डोकं फोडीन.'

१८ मार्च
नाही देणार.

१९ मार्च
मिस्त्रींना सांगितलं. वाटलं, गळ घालतील. ते करवतीला धार लावत राहिले. "पोरीचं नाव नको. राहू दे." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
संध्याकाळी तिला पत्र लिहिलं. प्रेमाचा एक शब्द नाही. फक्त परवानगी मागितली.

२ एप्रिल
तिचं उत्तर आलं! दोनच ओळी. 'वाचू देत. पण यापुढे माझं नाव कुठेही लिहायचं नाही.'
या वहीची मागची पानं काढली. एकवीस ठिकाणी खोडलं.

२६ एप्रिल
निकाल लागला. अर्ज करून काम मागणारा कैदी कामगार. सक्तमजुरीवाला नाही.
म्हणजे मी. मिस्त्री नाहीत.

२७ एप्रिल
सकाळी ओंडक्याला मोठी करवत लावली. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. माझा हात हलेना. आजवर मला अरे-तुरेच करणारे मिस्त्री म्हणाले, "ओढा, कामगार."