सेंट ऑरेलचा दुसरा खड्डा

शनिवार, १८ डिसेंबर २००४
पोचलो एकदाचे! घरून, म्हणजे वेस्ट विंडसरहून, काल पहाटे निघालो, वाटेत एक मुक्काम केला आणि आज दुपारी मेन राज्याच्या पार उत्तर टोकाला, सेंट ऑरेलमध्ये. पुण्यात सहा वर्षं फ्रेंच शिकवत होते तेव्हापासून मला फ्रान्सची खेडी बघायची होती, तीही हिवाळ्यात, टुरिस्ट नसताना. पण लग्न होऊन इकडे आले, तर शंतनूचं व्हिसा एक्स्टेन्शन अडकलंय, देशाबाहेर पडता येत नाही. मग त्यानेच नकाशात हे गाव शोधलं. इथली जुनी घराणी अजून घरात फ्रेंच बोलतात. म्हणाला, "फ्रान्स नाही तर नाही यार, फ्रेंच तर ऐकशील!"

एक रस्ता, एक चर्च, एक बेकरी, गोठलेली नदी. गेस्ट हाउसमध्ये आम्ही दोघंच. मालकीण मादाम पेल्तिए साठीच्या आसपास. मी हौसेने फ्रेंचमध्ये बोलले, तिने इंग्रजीत उत्तर दिलं: या दिवसांत इथे कुणी येत नाही. तळमजल्यावर तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे. शंतनू सहा फूट दोन इंच, त्याचे पाय पलंगाबाहेर जातात. हसून हसून पोट दुखलं.

रविवार, १९ डिसेंबर
सकाळी बेकरीत गेलो. आत सात-आठ बायका गप्पा मारत होत्या, आम्हाला बघून गप्प झाल्या. फळीवर पाव रचलेले दिसत होते, तरी संपले म्हणून सांगितलं. चिडलेच मी. शंतनू म्हणाला, जाऊ दे, चिवडा आहे ना.

मग चर्चमागच्या दफनभूमीत फिरलो. एक कबर ताजी, शेजारी फळ्यांनी झाकलेला खड्डा. गास्तों नावाचा म्हातारा बर्फ ओढत होता. तो मात्र फ्रेंचमध्ये बोलला. डिसेंबरात जमीन दगड होते, म्हणून ऑक्टोबरातच दोन खड्डे खणून ठेवतात. दर हिवाळ्यात दोघं जातात. कमी नाही, जास्त नाही. एक गेला मागच्या आठवड्यात. दुसरा कुणासाठी, मी विचारलं. त्याने मालकिणीच्या आईचं नाव घेतलं, आणि मग शंतनूकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

सोमवार, २० डिसेंबर
आजच निघायचं ठरवलं होतं. बाहेर येऊन बघतो तर बर्फ ढकलणाऱ्या गाडीने सगळा रस्ता साफ केलेला, आणि तो सगळा बर्फ आमच्या गाडीभोवती रचलेला. छातीइतका उंच, वरून पाणी ओतून घट्ट केलेला. शंतनू दोन तास फावडं मारत होता. समोरच्या घरांच्या खिडक्यांत माणसं उभी होती. मदतीला कुणीही आलं नाही. मोबाइलला रेंज नाही. मालकीण म्हणाली फोनची लाइन पडली आहे. मी तिला तासाभरापूर्वीच फोनवर बोलताना ऐकलं होतं.

दुपारी शंतनूला थंडी वाजायला लागली.

मंगळवार, २१ डिसेंबर
ताप एकशे चार. क्रोसिनने उतरत नाही. डॉक्टरसाठी दारोदार गेले. बेल वाजवली की पडदे ओढले जातात. एका बाईने दार उघडलं आणि माझ्या पायाशी थुंकली.

दफनभूमीतून धूर येत होता म्हणून गेले. गास्तों खड्ड्याच्या कडेला लाकडं पेटवून जमीन मऊ करत होता. खड्डा वाढवत होता. लांबीला.

मालकिणीची आई जेमतेम पाच फूट असेल.

बुधवार, २२ डिसेंबर
सकाळी खाली खुर्ची सरकल्याचा आवाज. म्हातारी टेबलाशी बसून सूप पीत होती. गाल लाल. मी मालकिणीला धरून हलवलं. ती पहिल्यांदाच फ्रेंचमध्ये बोलली, अगदी शांतपणे.

"खड्डा माझ्या आईसाठी होता. मग तुम्ही आलात. तुम्हाला कुणी बोलावलं होतं का?"

म्हणाली, मुख्य रस्ता अकरा मैलांवर आहे, तू चालत जाऊ शकतेस. तुला कुणी अडवणार नाही. एकच लागतो.

शंतनूला उठवलं, जिन्यापर्यंत आणलं. तिथेच कोसळला. जाणार नाही मी. त्याला सोडून नाही —

गुरुवार, २३ डिसेंबर
अंगणात माणसं जमली आहेत. नुसती उभी.

त्याचा ताप उतरला. आता गार पडत चाललाय. हात चोळते आहे, दोन्ही रजया, माझा कोट —

जिन्यावर पावलं. म्हातारी. आधाराशिवाय चढली.

सोबत पाद्री. हातात वही. क्रॉसवर घालायला नाव हवं म्हणाला, अक्षर न अक्षर. नावाशिवाय पुरता येत नाही. मी सांगणार नाही म्हटलं. किंचाळले. दाराला पलंग लावलाय. आता ते बाहेरून विचारताहेत. रागावत नाहीत. पुन्हा पुन्हा, तोच प्रश्न —

शंतनूने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, दाराकडे बघतोय. ओठ हलताहेत. स्पेलिंग सांगतोय त्यांना. एस. एच. ए. — शंतनू, नको, गप्प राहा — एन. टी. — तोंड दाबून धरलंय, डाव्या हाताने, तरी आवाज येतोय — ए. एन. —

एकच अक्षर राहिलंय, एकच, शंतनू, माझ्याकडे बघ, माझ्याकडे —