वरचा बारीक आवाज

४ मार्च
कान बिघडलाय की डोकं, काही कळत नाही!
आमच्या कार्यक्रमात लोक हॉलच्या मधोमध गाद्यांवर आडवे पडणार. स्पीकर सगळीकडे — भिंतींना, छताला, पायाशीसुद्धा. काळोखात आवाज त्यांच्याभोवती फिरणार. बिजागरीची कुरकुर, फ्रिजची घरघर, ताईने आपल्या यंत्रांतून दळून काढलेली. आणि सगळ्यांच्या वरून, छताला घासत जाणारा एक बारीक आवाज. ताई म्हणते, "केसांवरून कुणी बोट फिरवल्यासारखा हवा."
आज तालमीत मी माझ्या टेबलावरून तो सोडला. मला तर कानात सुई खुपसल्यासारखं झालं. ताई शांत.
"ऐकूच येत नाहीये गं. अजून वाढव."
वाढवला.

५ मार्च
आणखी वाढवला. दाढा शिवशिवल्या! स्पीकर लावायला जो माणूस आहे, त्याला आम्ही गुंडाळे म्हणतो. सतत वायरी गुंडाळत असतो म्हणून. खरं आडनाव भलतंच आहे. त्याला विचारलं, "तुला त्रास होतो का रे?" त्याने आधी ताईकडे पाहिलं. "नाही बुवा."
म्हणजे दोष माझ्यातच.

६ मार्च
कान शेकला. उपयोग शून्य.

७ मार्च
नवरा म्हणतो, "तुमचं संगीत ऐकून कान दुखले नाहीत तरच नवल!" हसले. मग राग आला. हसले कशाला, त्याचा जास्त राग आला.
ऐकायला मला ताईनेच शिकवलं. लहान असताना माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधायची, घरभर फिरत चमचा वाजवायची, मी बोट दाखवायचं. माझं चुकायचं, तिचं कधीच नाही. आता तिला ऐकू येत नाही आणि मला टोचतं, तर मी कुणाचं खरं मानू?
शनिवारी कार्यक्रम. कित्येक वर्षांनी तिला एवढा हॉल मिळालाय. हा फसला तर पुन्हा कोण बोलावणार तिला?

८ मार्च
कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. बंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन. ऐकू आलं की बटण दाबायचं. मी दाबतच सुटले. बाई खूश! "वयाबरोबर आधी वरचे, बारीक आवाज ऐकू यायचे जातात. तुमचे अजून शाबूत आहेत."
ठणठणीत कान घेऊन, डोकं धरून घरी आले. मग टोचतंय काय?

९ मार्च
गुंडाळेच्या कानांत कापूस!
शिडीवर होता, खालून दिसला. मी ओरडले, "उतर आधी!" उतरला. ताई चहाला बाहेर गेली होती.
"तुला टोचतं ना?"
"टोचतं म्हणजे? रात्रीपर्यंत डोकं ठणकतं!"
"मग त्या दिवशी नाही का म्हणालास?"
"ताईंना ऐकू येत नाही म्हटल्यावर मी कोण टोचतं म्हणणारा?"
बाईंचं बोलणं आठवलं. वयाबरोबर आधी वरचे आवाज जातात. दोष माझ्यात नाही, गुंडाळेत नाही. ताईच्या... नाही लिहवत. ताईचे कान! ज्यांच्या भरवशावर आम्ही सगळे चालतो ते कान.

१० मार्च
आज सांगणार होते. वाटेत वाक्यं जुळवली. तिच्यासमोर गेले आणि न सांगताच टेबलाशी जाऊन बसले. ती मधल्या गादीवर पडली होती, डोळे मिटून. म्हणाली, "अजून थोडा."
मी खाली आणला. पार खाली, मला जेमतेम ऐकू येईल इतका.
तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "आता?"
"आता छान."
"बरं. मग राहू दे."
ताईला फसवलं मी. जेवण गेलं नाही. नवऱ्याने आज चेष्टा केली नाही.

१२ मार्च
पार पडला! कुणी उठून गेलं नाही. घरघर पाठीखालून सरकत आली, कुरकुर डोक्यामागे जाऊन थांबली, आणि मग वरून तो. माझ्या टेबलावरच्या मिणमिणत्या दिव्यात दिसलं — एक आजोबा काळोखात हळूच केसांवरून हात फिरवत होते.
टाळ्या झाल्या तेव्हा ताई लोकांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. का, कळेना.

१३ मार्च
ताई सकाळीच आली. चप्पल काढायच्या आत, "किती खाली आणलास?"
मी बोट जमिनीकडे दाखवलं.
"मागच्या वर्षीच कळलंय मला, वरचं जातंय ते. वाटलं, वाढवत राहिले तर एक दिवस तू ओरडशील. मग तो नेमका किती ठेवायचा ते कळलं असतं."
"सरळ विचारायचंस ना, ताई!"
"विचारलं असतं तर तू माझं मन राखलं असतंस."