टेबल क्रमांक नऊवरची कडू वाइन

प्रति,
मा. श्री. मयुरेश केळुसकर साहेब,
कार्मिक अधिकारी,
हॉटेल शमाल कोर्ट,
अदलिया, बहरीन.

अर्जदार : ताहिर अब्दुल गनी परकार, स्टोअरकीपर (पेय विभाग), राहणार मुहर्रक. मूळ गाव दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.

विषय : वेटर श्री. महादेव धुरी यांचे येत्या गुरुवारचे मुंबईचे तिकीट रद्द करून त्यांना कामावर परत घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे दि. १६ नोव्हेंबर १९९६ चे पत्र.
२) सिन्योरा इडा, येझी, इटली यांचा दि. ७ नोव्हेंबरचा फॅक्स.

महोदय,

१. सदर अर्ज मराठीत करण्याचे कारण असे की, अर्जदाराचे इंग्रजी माल मागवण्यापुरते आणि आलेला माल फुटका निघाला हे कळवण्यापुरते आहे. झालेला प्रकार त्या इंग्रजीत मावत नाही. आपण दादरचे आहात, म्हणून अर्जदाराने ही सवलत स्वतःच घेतली आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागतो.

२. अर्जदार मुसलमान असून दारूला शिवत नाही. तरीही गेली पाच वर्षे हॉटेलातील सर्व दारू त्याच्याच कुलपात असते. पूर्वीच्या जनरल मॅनेजरांनी नेमणूक करताना ‘जो पीत नाही त्याच्याकडेच किल्ली द्यावी’ असे म्हटल्याचे अर्जदाराने स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. लिनन स्टोअरमध्ये बदली मिळावी म्हणून अर्जदाराने १९९३ साली अर्ज केला होता. तो विचाराधीन आहे.

३. या प्रकरणातील वाइनचे नाव वेर्दिक्क्यो. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के नावाचा प्रांत आहे, त्यातील येझी या गावाभोवतीच्या टेकड्यांवर ती होते. रंगाने पांढरी, पण उजेडात धरली तर हिरवट झाक दिसते, आणि नावही त्या हिरवेपणावरूनच पडले आहे. ती ‘ड्राय’ आहे, म्हणजे द्राक्षातली साखर आंबताना जवळपास सगळी संपलेली असते. अर्जदाराला हे ठाऊक असण्याचे कारण बाटलीचा आकार. ही बाटली कमरेत आवळलेली, सुरईसारखी असते आणि आपल्या स्टोअरच्या मांडणीत काही केल्या आडवी राहत नाही. १९९४ साली एका आठवड्यात चार बाटल्या गडगडून खाली आल्यावर अर्जदाराने खोक्यावरच्या पत्त्यावर तक्रारपत्र पाठवले. दीड महिन्याने उत्तर आले. तेथील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत काम करणाऱ्या सिन्योरा इडा या सत्तरीच्या बाईंनी लिहिले होते की, हा आकार जुन्या काळच्या मातीच्या घड्यांवरून घेतला आहे, त्यांचा स्वतःचाही त्याला विरोध होता, पण त्यांना कोणी विचारले नाही. तेव्हापासून पत्रव्यवहार सुरू आहे. ईदला त्यांचे कार्ड येते, नाताळला अर्जदाराचे जाते.

४. शुक्रवार दि. १ नोव्हेंबर रोजी दुपारी टेबल क्रमांक नऊवर एका परदेशी बँकेचे मोठे साहेब चार पाहुण्यांना घेऊन जेवायला बसले होते. त्यांनी हामूर मासा मागवला व सोबत काय घ्यावे असे विचारले. महादेव यांनी ही वाइन सुचवली. समुद्राकाठची वाइन माशाला चालते, एवढे अर्जदारानेच त्यांना सांगून ठेवले होते. साहेबांनी एक घोट घेतला, पाहुण्यांकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, “ह्याला कडू बदामाची चव आहे. कडू बदाम म्हणजे विष!” पाहुण्यांतील एका बाईंनी ग्लास टेबलाखाली ठेवला. पुढच्या पाच मिनिटांत अर्धे रेस्टॉरंट रिकामे झाले, मासे तसेच राहिले. बेव्हरेज मॅनेजर साहेबांनी महादेव यांना तिथल्या तिथे ॲप्रन काढायला लावला. बाटलीत भेसळ केली असा आरोप ठेवून त्यांना निलंबित करण्यात आले. कोणी विषबाधेने आजारी पडले नाही, हे आपल्या कार्यालयालाही ज्ञात आहे.

५. महादेव धुरी हे सावंतवाडीकडचे असून दहा वर्षे या हॉटेलात आहेत. १९९१ साली अर्जदार बहरीनला येऊन महिना झाला नव्हता तोच त्याला कावीळ झाली. कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत आम्ही सहा माणसे होतो, चौघे बिछाने उचलून दुसरीकडे गेले. महादेव राहिले. त्यांनी अर्जदारासाठी वेगळे पातेले विकत आणले, त्यावर खिळ्याने ‘ता’ कोरले, त्यात आपले मटण कधी शिजू दिले नाही आणि चाळीस दिवस दोन्ही वेळ पेज करून घातली. अर्जदाराने आभार मानले तेव्हा ते एवढेच म्हणाले की, पेज काय, पाणीच तर आहे. ही हकीकत या प्रकरणाशी संबंधित नाही असे आपणास वाटल्यास ती वगळावी. अर्जदाराला ती वगळता येत नाही.

६. दि. ५ रोजी अर्जदाराने सिन्योरा इडा यांना फॅक्स करून विचारले की, आपल्या वाइनमध्ये कडू बदाम कोण घालतो? त्यांचे उत्तर सोबत जोडले आहे. त्याचा मराठी सारांश असा : “कोणी घालत नाही. ते द्राक्षातच आहे. माझे वडील दुसऱ्याच्या जमिनीत अर्धेलीने राबत. तेव्हा वेली झाडांवर चढवलेल्या असत आणि खाली गहू. अर्धी द्राक्षे मालकाच्या घरी जात, अर्धी आमच्या. मालकाला सुद्धा त्या कडवटपणाची वाटणी टाळता आली नाही. घोट गिळल्यावर शेवटी जिभेवर कडू बदाम राहतो, तीच तिची खूण. ज्या बाटलीत तो नसेल ती मला परत पाठवा, मी बदलून देईन. आणि त्या वेटरला माझा नमस्कार सांगा.” अर्जदाराचे आजोबाही दाभोळला खोताच्या जमिनीत अर्धेलीनेच भात लावत. हे पत्र खोटे असू शकत नाही असे अर्जदाराला वाटले, ते या कारणाने.

७. दि. १० रोजी चौकशी समिती बसली. मॅनेजर साहेबांनी फॅक्स वाचला व म्हणाले की, विकणारा आपल्या मालाला असेच म्हणणार. मग स्टोअरमधून त्याच खोक्यातील सीलबंद बाटली उघडण्यात आली. ती कडू निघाली. यावरून महादेव यांनी बाटली सीलबंद ठेवूनच भेसळ केली असा निष्कर्ष निघाला. दुसरी बाटली उघडली, तीही कडू. आता सगळे खोके बाधित असून किल्ली अर्जदाराकडे असल्याने अर्जदारही सामील असावा असे मत नोंदवण्यात आले. दि. १२ रोजी आयातदाराच्या गोदामातून न फोडलेले खोके मागवले. त्यातील पहिली बाटलीही कडूच निघाली.

८. यानंतर मॅनेजर साहेबांनी एक ग्लास भरून अर्जदारापुढे सरकवला. ते म्हणाले, “माल तुमच्या ताब्यात असतो. ह्याची चव त्या बाईंनी लिहिली आहे तीच आहे असे तुम्ही लिहून द्या, म्हणजे प्रकरण बंद. पण न चाखता लिहिलेले मी धरणार नाही. एक घोट घ्या.” पोस्टमार्टेम करणाऱ्या डॉक्टरला आधी मरावे लागत नाही, असे अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले. ते मान्य झाले नाही.

अशी अट घालतील याची कुणकुण अर्जदाराला आदल्या दिवशीच लागली होती. त्याने मुहर्रकला घरी पत्नी मुनीराला विचारले. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, “घोट घेतलात तर तुम्ही मला तोंड दाखवाल, पण नमाजाला उभे कसे राहाल? नाही घेतलात तर महादेवभाऊंना तोंड कसे दाखवाल? मला विचारू नका. मी दोन्हीकडे रडेन.” अर्जदार त्या दिवशी जेवला नाही.

समितीपुढे अर्जदाराने ग्लास उचलला. हात कापत होता, हे समितीच्या टिपणात ‘संशयास्पद हालचाल’ म्हणून आले आहे. ग्लास छातीपर्यंत आला असता, जबाबासाठी दाराशी उभे केलेले महादेव पुढे आले व मालवणीत म्हणाले, “ठेव तो खाली, ताहिर. माजी नोकरी गेली तर दुसरी गावतली. तुजा गेला ता खंय गावतला?” म्हणजे नोकरी दुसरी मिळेल, पण अर्जदाराचे जे जाईल ते कुठून आणणार. अर्जदाराने ग्लास खाली ठेवला नाही. तेव्हा महादेव यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि सर्वांसमक्ष स्वतः पिऊन टाकला. त्यांनी तोंड वाकडे केले, थोडा वेळ छताकडे पाहिले आणि इंग्रजीत समितीला सांगितले, “सेम, सर. शेवटी कडू बदाम. बाईंनी लिहिले आहे तसेच.” दहा वर्षे ते लोकांना वाइन वाढत आले होते. चाखण्याची ती त्यांची पहिलीच वेळ, हे अर्जदाराला नंतर समजले.

९. समितीने खात्रीसाठी आणखी तीन बाटल्या उघडल्या. तिसरी संपेपर्यंत हा कडवटपणा नैसर्गिक असून तो सुखद आहे यावर समितीचे एकमत झाले. पहिला आरोप मागे घेण्यात आला. तथापि संदर्भ क्र. १ च्या पत्रान्वये महादेव यांच्यावर नवा आरोप ठेवण्यात आला : ‘निलंबित असताना, हॉटेलच्या आवारात, चौकशी समितीसमक्ष मद्यप्राशन.’ त्याच आरोपावरून त्यांचा व्हिसा रद्द करून गुरुवारी त्यांना परत पाठवण्याचे ठरले आहे. त्यांनी आपली बॅग भरली आहे. ‘ता’ कोरलेले पातेले ते काल अर्जदाराच्या घरी देऊन गेले.

१०. सबब अर्जदाराची विनंती अशी की :

(अ) तो ग्लास महादेव यांच्यासाठी नव्हे, तर समितीच्या हुकुमाने अर्जदारासाठी भरला होता. ग्लासाबद्दल कोणाला शिक्षा करायचीच असेल तर ज्याच्या नावाने तो भरला त्याला व्हावी. गुरुवारचे तिकीट अर्जदाराच्या नावे करावे. अर्जदाराचा पासपोर्ट आपल्याच कार्यालयात आहे, त्यामुळे विलंब होणार नाही.

(आ) ते शक्य नसल्यास, समितीने खात्रीसाठी जे प्राशन केले त्याला जो नियम लागू झाला तोच महादेव यांच्या एका ग्लासाला लावावा. तेही खात्रीसाठीच प्यायले. समितीला खात्री पटायला अनेक बाटल्या लागल्या, त्यांना एक ग्लास पुरला.

(इ) दोन्ही शक्य नसल्यास, काय शक्य आहे ते कृपया बुधवारपर्यंत कळवावे.

अर्जदाराने हे सर्व शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहिले आहे. मुनीराने वाचून पाहिले व दोन ठिकाणी रागाचे शब्द काढायला लावले.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
ताहिर अब्दुल गनी परकार
मुहर्रक, मंगळवार, दि. १९ नोव्हेंबर १९९६

सोबत : १) सिन्योरा इडा यांचा फॅक्स, एक पान. २) न फोडलेल्या खोक्यावरील सीलचा कागद.

कार्मिक अधिकाऱ्यांचा हस्तलिखित शेरा, दि. २० नोव्हेंबर १९९६ :

अर्ज वाचला. दोनदा वाचला. समितीपुढील ग्लास कोणी प्यायल्याचे या कार्यालयास मान्य नाही. तो अर्जदाराच्या कापत्या हातातून निसटून गालिच्यावर सांडला, अशी नोंद घ्यावी व समिती सदस्यांच्या सह्या आज दुपारपर्यंत माझ्याकडे आणाव्यात. सही करण्यास कोणाची हरकत असल्यास त्यांनी स्वतः किती प्राशन केले ते लेखी द्यावे. गुरुवारचे तिकीट रद्द. श्री. धुरी शनिवारपासून ड्यूटीवर.

गालिचा धुऊन घ्यावा. धुण्यासारखे काही नसले तरी धुऊन घ्यावा.

म. केळुसकर