मुक्कामी गाडीचा खुलासा

२४ फेब्रु., मंगळवार
आज माझ्यावर अन्याय झाला. नोंद करून ठेवतो, पुढे इतिहासकारांची गैरसोय नको.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर महाडहून घरी पोलादपूरला येण्यासाठी नेहमीची मुक्कामी गाडी. ही पोलादपूर सोडून वर घाटात शेवटच्या वाडीपर्यंत जाते, रात्री तिथेच थांबते, सकाळी खाली येते. डावीकडची तिसरी खिडकी माझी. अकरा वर्षांचा वहिवाटीचा हक्क. तिथे आज एक चिनीमातीची बरणी बसलेली. कोरी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, खिडकीकडे तोंड करून.

सकपाळ मास्तर (कंडक्टर) म्हणाले, "भाऊसाहेब, तिला हलवू नका, फुटंल. तुमी पाठी बसा."
"तिचं तिकीट?"
"तिला कसलं तिकीट? यमुनाकाकूची हाय ती."

म्हणजे मी, शाळेचा हेडक्लार्क, वय त्रेपन्न, मूळव्याधीचा जुना सभासद, मागच्या चाकावर. आणि बरणी वारा खात. हायवेचं काम 'पुढच्या महिन्यात' संपणार आहे. गेली कित्येक वर्षं पुढच्याच महिन्यात. प्रत्येक खड्डा वैयक्तिक लागला.

मास्तरांच्या खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पायाशी कुणाचे खिळे, कुणाच्या चष्म्याची दुरुस्त काडी, कुणाची औषधं. गाडी कसली, वाडीचा थैला आहे तो.

गुरुवारी सदर द्यायचंय. विषय आयता.

२६ फेब्रु., गुरु.
एका बैठकीत लिहिलं. 'बरणीचा प्रवास'. साप्ताहिकाच्या नानाला (मालक, संपादक, जाहिरात-वसुली, सगळं तोच) फोनवर वाचून दाखवलं. हसला. मग म्हणाला, "शेवट पडतोय रे. काहीतरी चावरं टाक."

टाकलं. "बरणीला तिकीट नाही, हे खरे. मात्र मास्तरांना वाडीतून दर फेरीला अर्धा डझन अंडी पोचतात, असे कळते."

'असे कळते'. कुणाकडून? माझ्याकडून मला. दहा सेकंद लागली असतील.

सु.ने वाचलं. "अहो, खरंच घेतो का तो अंडी?"
"विनोद आहे गं."
"कुणावर?"
या बाईला वाङ्मयातलं काही कळत नाही.

१ मार्च, रवि.
छापून आलं. खाली नेहमीप्रमाणे टोपणनाव. दिवसभर फोन. 'दक्षिण रायगडचा आरसा' असं एकजण म्हणाला. तो एरवी उसने मागतो, त्यामुळे धरत नाही. लेख मोबाईलवर फिरत फिरत तीन वेळा माझ्याकडेच आला. शेवटच्या खेपेला बरणी गेली होती, विनोद गेला होता, फक्त अंड्यांचं वाक्य उरलं होतं. वर कुणीतरी मथळा दिलेला: 'कंडक्टरची अंडीवसुली!'

हसलो. नोंद असावी म्हणून लिहितो. मी हसलो.

३ मार्च, मंगळ. शिमगा
गाव चाकरमान्यांनी भरलंय. होळीपुढे पोरांनी बोंब ठोकली ती अंडेवाल्या मास्तरच्या नावानं. सु.ला म्हटलं, बघ, माझं वाक्य लोकवाङ्मयात गेलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. 

६ मार्च, शुक्र.
खिडकी रिकामी. बसलो. गाडीत सामान नाही, थैली नाही, चिठ्ठी नाही. मास्तर मशीनमधून तिकीट काढून देतात, तोंडाकडे बघत नाहीत.

गाडी सुटताना स्टँडसमोरचा औषधवाला पाकीट घेऊन धावत आला. "मास्तर, काकूंच्या गोळ्या."
"नाय घेत."
"अहो, शुक्रवार आहे. दर दुसऱ्या शुक्रवारी—"
"म्हायत हाय. वरून तंबी आलीय. परवाश्याचं सामान परवाश्यानंच न्यायचं. मी कायबी घेनार नाय."

पाकीट परत गेलं.  मागून एक बाई, "कुनाच्या जिभेला हाड नसलं म्हंजे आसं."

वारा छान येत होता. त्याचं काय करावं कळेना.

७ मार्च, शनि.
औषधवाल्याकडे गेलो. निमित्त: खोकला. यमुनाकाकूच्या नवऱ्याला फिट येतात. पंधरा दिवसांच्या गोळ्या एका वेळी जातात. चुकवून चालत नाही.
"मग आता?"
"येईल काकू. गुडघे धरत येईल, पण येईल."

मला म्हणता आलं असतं, द्या इकडे, मी. पण पोलादपूरच्या पुढे मी कधी गेलोच नाही.

खोकल्याचं औषध घेऊन आलो. खोकला नाही.

९ मार्च, सोम.
काकू काल येऊन गेली म्हणे. रविवारी फेरी नाही, त्यामुळे घाट उतरून पोलादपूरपर्यंत चालत, पुढे जीपने. औषधवाला सांगत होता, पायऱ्यांवर बराच वेळ बसून होती, पाणी घेतलं, चहा नको म्हणाली.

या आठवड्याचं सदर: रायगडाखाली हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत उभे असलेले पर्यटक. तीन ओळी झाल्या. मग त्या गॉगलवाल्या माणसालाही कुठेतरी घर असेल, तिथे कुणी हे वाचेल, असं मनात आलं आणि पेन बंद. धंद्याला घातक लक्षण.

१० मार्च, मंगळ.
मधल्या सुट्टीत सकपाळ मास्तर ऑफिसात. युनिफॉर्म नाही, साधा शर्ट. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. खिशातून घडी केलेला कागद.

'प्रवाशांकडून वस्तुरूपाने मोबदला स्वीकारत असल्याबाबत... सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा... अन्यथा निलंबनाची कारवाई...' सोबत कात्रण. माझ्या शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ. पंचवीस वर्षं लिहितोय, माझ्या वाक्याखाली कुणी रेघ मारली नव्हती.

"भाऊसाहेब, तुमचं लिवणं चांगलं हाय. येवढा खुलासा लिवून द्या. सा वर्सं ऱ्हायलीत नोकरीची."

 हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शिपाई उभा होता समोर. (शिपायाचं कारण खोटं आहे. तो नसता तरी हेच म्हटलं असतं.)

११ मार्च, बुध.
मसुदा केला. हे काम मला झोपेत येतं. 'सदर वृत्त निराधार व कपोलकल्पित असून...' स्वतःच्या लेखाला कपोलकल्पित म्हणताना कलम जरा अडखळली, मग सुसाट. 'मी वाडीतील रहिवाशांकडून कोणत्याही स्वरूपात काहीही स्वीकारत नाही.' फक्कड.

संध्याकाळी गाडीतच त्यांना दाखवला. ओठ हलवत वाचला. त्या ओळीवर बोट.

"ह्ये नाय चालनार."
"का?"
"जेवतो ना मी."

मुक्काम असला की ड्रायव्हर-कंडक्टरला वाडीत घरटी पाळीनं जेवण. एका संध्याकाळी एक घर. भाकरी, कालवण, असेल ते. रस्ता झाला, पहिली गाडी आली, तेव्हापासूनची रीत. मास्तरांच्या आधीचे मास्तरही जेवले.

"अहो, ते कशाला सांगायचं? ते मोबदल्यात येत नाही."
"मोबदल्यात नाय आलं तर खाल्लेलं न खाल्लेलं व्हतं काय?"
"सकपाळ, नोकरीचा प्रश्न आहे."
"म्हनून तर. ज्यांची खाल्ली त्यांना कागदावर नाय म्हनू? उद्या त्याच वाडीत उतरायचं हाय मला."

 पंचवीस वर्षं इतरांच्या लबाड्या टिपतो आहे आणि हा माणूस मला, माझ्याच मसुद्यात, एक ओळ खोटी लिहू देत नाही.

१३ मार्च, शुक्र.
सांगून टाकलं. स्टँडवर, गाडी लागायच्या आधी, मुतारीजवळच्या भिंतीशी. जागा मी निवडली नव्हती, पण योग्य होती.

"सकपाळ, तो लेख माझा आहे."
"म्हायत हाय."
"कधीपासून?"
"पयल्या दिसापासनं. बरनीवर कुरकुरलेला मानूस गाडीत येकच होता."
"मग खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडेच का आलात?"
"तुमच्यासारखं दुसरं कोन लिवतंय हितं?"

त्या वाक्यात टोमणा शोधतोय. रात्र झाली, अजून सापडलेला नाही. असता तर बरं झालं असतं.

१४ मार्च, शनि.
खुलासा नव्यानं लिहिला. त्यांच्या तोंडचा, साधा. 'मी वाडीत पाळीने जेवतो. औषधे व सामान ओळखीने नेत होतो, त्याबद्दल काही घेतले नाही. नियम मोडला असल्यास चूक मान्य आहे.' मास्तरांनी दोनदा वाचला आणि सही केली. सही वळणदार. माझ्यापेक्षा बरी.

नानाला फोन. म्हटलं, माझ्या खऱ्या नावानं छाप: अंड्यांची बाब मी मनानं लिहिली.
"अरे, खुलाशाला कोण हसतं? आणि वाक्य चांगलं होतं तुझं."
"खोटं होतं."
"खोटं होतं म्हणूनच चांगलं होतं."
शेवटी दोन ओळी छापतो म्हणाला. बोअरवेलच्या जाहिरातीखाली.

सु.ला सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "एवढे दिवस मीठ कमी पडल्यासारखं तोंड का होतं ते कळलं." आणि ताक दिलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

१६ मार्च, सोम.
अर्धी रजा टाकून मास्तरांच्या साहेबांच्या कार्यालयात. माझं निवेदन: नाव, पत्ता, हुद्दा. 'सदर वाक्यास कोणताही आधार नव्हता. ते मी वाचकांस हसविण्यासाठी रचले.' आवक-जावकच्या टेबलावर दिलं. तिथल्या बाबूनं वाचलं आणि उभा राहिला.

"तो लेख तुमचा? काय हसलो राव आम्ही! सगळं ऑफिस!" शेजारच्याला हाक मारली, "अरे, अंडीवाले आलेत बघ."

हात मिळवला माझ्याशी. चहा मागवत होता. शिक्का मारून घेतला आणि निघालो. 

निर्णय कधी? "साहेब बघतील." हे वाक्य मी स्वतः रोज चार जणांना सांगतो. पलीकडच्या बाजूनं कसं लागतं ते आज कळलं.

१८ मार्च, बुध.
गाडीवर नवा कंडक्टर. सकपाळांना चौकशी होईपर्यंत डेपोत बसवलंय. टायरच्या नोंदी करतात. शिक्षा नाही म्हणे, सोय आहे.

२० मार्च, शुक्र.
आज चवदार तळ्यावर माणसांचा पूर, गाड्या गावाबाहेरून फिरवलेल्या. त्यामुळे औषधवाल्यापर्यंत चालत गेलो आणि गोळ्या घेतल्या. माझ्या पिशवीत, माझ्या तिकिटावर, म्हणजे प्रवाशाचं सामान. नियमात बसतं. शेवटच्या थांब्याचं तिकीट मागितलं तर नवा कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्ही पोलादपूरचे ना?" म्हटलं, आज नाही.

२१ मार्च, शनि. सकाळ, उतरणारी गाडी
हात हलतोय, अक्षर असंच येणार.

काल वर पोचलो तेव्हा उजेड होता. यमुनाकाकू थांब्यावरच उभी. पाळी तिची. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, आमचे डबे हायत. लेखी आलंय, गावचं खायचं नाय." दोघं गाडीतच डबे उघडून बसले. मान खाली.

"दोन मानसांचं रांधलंय मी," काकू म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आनि तुमी कोन?"

गोळ्या आणल्यात म्हटलं. घरी नेलं. तिचा नवरा भिंतीला टेकून, गोधडीत. ताट मांडलं. हात घालण्याआधी सांगितलं, कोण ते. आता हाकलेल असं वाटलं.

"तुमीच व्हय ते. वाचून दावा मंग. सगळे सांगत्यात, मी नाय ऐकलं आजून."

मोबाईलवर होतं. वाचलं. चुलीसमोर, ताट पुढ्यात. आयुष्यात इतकं वाईट वाचन केलेलं नाही. बरणी खिडकीत वारा खाते तिथे काकू खुदकन हसली, पदर तोंडाला. "आगो बाय, माजी बरनी!" नवरा पण हसला. मी वाचताना आवाज खाली खाली नेला, पण शेवटचं वाक्य आलंच.

काकू थांबली. विचार करत म्हणाली, "पन वाडीत कोंबड्या कुटं हायत? बिबट्यानं कवाच नेल्या."

नवऱ्यानं गोधडीतून विचारलं, "मंग अंडी कुनाची?"

"माझी," म्हटलं.

कुणी हसलं नाही. काकूनं आणखी एक भाकरी टाकली ताटात. जेवलो. 

ड्रायव्हरच्या वाटणीचं ताट तिनं झाकून ठेवलं. "मास्तर येतील का वो परत? त्यांना नाचनीची आवडती."
"माहीत नाही."
खरंच माहीत नाही. साहेब बघतील.

सकाळी निघताना ती पाण्याला गेली होती. काल दिलेलं या पंधरवड्याचं पाकीट देवाच्या कोनाड्यात होतं, शेजारी दुसरं ठेवलं.  ६ तारखेच्या पाकिटाची भरपाई, माझ्या पैशानं: जे स्टँडवरून परत गेलं आणि जे आणायला ती घाट उतरली. नवरा जागा होता, बघत होता. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं मान हलवली.