चित्राबरहुकूम

प्रिय मोना,

जालन्यात आता लोक दुसऱ्यांची घरं बघायला तिकीट काढतात, हे तुला बंगळुरात बसून पटायचं नाही. मलाही पटलं नव्हतं. पुण्याहून नणंदबाई आल्या आणि "काहीतरी दाखव ना तुमच्या गावातलं" म्हणून बसल्या. मी फोनवर शोधलं, तर त्याने इमानेइतबारे वेरूळचा रस्ता दाखवला. जालन्यात बघण्यासारखं काही असेल यावर फोनचाही भरवसा नाही. शेवटी चहाच्या टपरीवर चिकटवलेलं पत्रक सापडलं: 'नव्या जालन्याची नवी घरं. दर रविवारी सकाळी, माहितगारासह.' माहितगार म्हणजे आपला पप्पू. काल-परवापर्यंत प्लॉट विकायचा, आता 'स्पेस' म्हणतो. सळईवाल्या शेठच्या बंगल्याला इतकी काच लावलीय की आतल्यांनी पडदे ओढून भरदिवसा दिवे लावलेत. बियाणेवाल्यांच्या दिवाणखान्यात धबधबा आहे, पाणी टँकरचं. माझ्या पेपरातल्या सदराचा महिन्याभराचा मजकूर आयताच गोळा होत होता. तेवढ्यात पप्पू हळू आवाजात म्हणाला, "आता आपल्या टूरचा हिरा. बक्षीस मिळालेलं घर, आपल्याच पोरीनं काढलेलं. चपला भाईर काढा, आन् बिलकुल आवाज करू नका."

तुझं घर, मोना. तुझे बाबा, आपले गुरुजी, गेल्यावर तू आईला, चांगुणामावशींना, आष्टीहून तिथं आणलंस, त्यानंतरची माझी पहिलीच खेप. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर, घर बांधण्याआधी तू संगणकावर केलेलं मोठं चित्र लावलंय. लांबलचक खिडकी, राखाडी फरशी, फरशीवर उन्हाचा पट्टा, आणि खिडकीशी निळ्या साडीतली एक बाई, हातात कप, नजर बाहेर. खिडकी किती उंच ते कळावं म्हणून तुम्ही लोक अशी माणसं चिकटवता ना, तशी. पप्पूने आम्हाला ते निरखून बघायला लावलं आणि म्हणाला, "आता मागं वळा." आम्ही वळलो. मावशी बसल्या होत्या. निळी साडी, हातात कप, मान तेवढीच वळलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नणंदबाईंनी फोटो काढला. मला वाटलं, पप्पूने बसवलंय. त्याला सदरात कसा सोलायचा याची जुळवाजुळवही मी सुरू केली.

मंडळी गच्चीवर गेली तेव्हा मी जवळ गेले. मावशींनी ओळखलं, हसल्या, पण मान हलवली नाही. "साधना, जराशी बाजूला सरक, बाई. चित्रात तिथं कोणी न्हाई." कपात काही नव्हतं. आतून कोरडा, नवा.

मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. किल्ली देताना तू म्हणाली होतीस म्हणे, आई, चित्रात आहे तसंच ठेव, काही हलवू नकोस. तू ते टेबल-खुर्च्यांबद्दल म्हणाली असशील, सगळे आर्किटेक्ट म्हणतात. पण तुझी आई साऱ्या आष्टीला सांगत आली, "मोना आधी काढती, मंग तसंच होतं." तिला तू हुकूम दिलास. वेड म्हणू नकोस. दूधवाल्याला पाणी घातल्यावरून ती आजही बराबर झापते. फक्त ऊन चित्रातल्या जागेवर आलं की जाऊन बसते. ऊन पुढे निघून जातं, ती बसूनच. झोपायच्या खोलीच्या चित्रात पलंग रिकामा आहे, म्हणून तो रिकामा. मावशी जिन्याखाली सतरंजीवर निजतात. स्वयंपाकघराच्या चित्रात नुसती हिरवी सफरचंदं आहेत, तशी ती ओट्यावर आहेत. त्यातलं एक नासलेलं मी उचलायला गेले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. शोभेचं हाय." ओट्यावर हळदीचा एक डाग नाही. मग खाता काय? "च्या घेते की." तुझ्या चित्रातल्या बायका सगळ्या काडीसारख्या असतात ना गं, लांब मान, बारीक मनगटं? मावशी तशा कधीच नव्हत्या. आता झाल्यात.

बुधवारी मी एकटीच गेले, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पप्पू नाही, पाहुणे नाहीत, तरी मावशी तिथंच, तशाच. म्हणजे हे कुणाला दाखवायला नव्हतं. मी घास पुढे केला. माझीच कीव आल्यासारखं बघत त्या म्हणाल्या, "घरी जाऊन खा तू." मी चिडले, म्हटलं मोनालाच बोलावते. त्या शांतपणे म्हणाल्या, "मोना हाय का त्या चित्रात? बघ की नीट. तिनं सोताला काढलंच न्हाई. मंग येईल कशी?" आवाजात तक्रार नव्हती, गं. एसटी इथं थांबत नाही असं सांगावं, तसा आवाज. मी घाबरून पप्पूकडून ते चित्र उतरवून घेतलं. काही फरक पडला नाही. त्यांना ते पाठ आहे.

फोनवर तू म्हणालीस, आई मजेत आहे, पप्पूचे फोटो बघतेस, घर अगदी चित्रासारखं राहिलंय. म्हणून फोन ठेवला आणि कागद घेतला. आधी वाटलं, तुला नवीन चित्र करायला सांगावं: पुढ्यात ताट, ताटात भाकरी. तुझ्या संगणकाला काय अवघड? मग वाटलं, ते ताट तरी त्या संपवतील का? पुढ्यात घेऊन जन्मभर नुसत्या बसतील. तेव्हा चित्र पाठवू नकोस. तूच ये, आणि उपाशी ये. दारातूनच ओरड की भूक लागलीय. लेक भुकेली आली तर चांगुणामावशी सगळं टाकून उठतील, पीठ मळतील, एवढं मी त्यांना लहानपणापासून ओळखते. महिन्याभरापूर्वी हे छातीठोक सांगितलं असतं. आज सांगवत नाही. म्हणून हे पत्र मिळेल त्याच दिवशी नीघ.

तुझी वाट बघणारी, तुझीच
साधना