शेजारच्या वर्गाला काय हवं?

प्रिय रुचिताताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. राजीनामा अजून दिला नसशील तर निदान हे पत्र वाचून होईपर्यंत देऊ नकोस. दोनदा कच्चं लिहून झालं, बातमीच तशी आनंदाची आहे.

आमच्या संस्थेने मला तुमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांना कुठलं प्रशिक्षण हवंय ते विचारून आणायला सांगितलं, हे तुला ठाऊक आहे. मी नववीतून शाळा सोडलेला, आणि गुरुजींना विचारणार की तुम्हाला काय येत नाही! कागद परत यायचे ते एकसारखे: 'काही अडचण नाही.' एका बाईंनी फक्त पंखा मागितला. तुमचे कमलाकांत गुरुजी तर म्हणाले, "आपलं उणं आपणच लिवून साहेबाच्या हातात द्यायचं? आमी काय वेडे हाय?"

रविवारी शिरगावला घरी गेलो, तर आई बोंबील वाळत घालत होती. कसे वाळलेत विचारलं, तर "बरे हाय." शेजारच्या मंदाकाकीचे कसे, म्हटल्यावर मात्र टोपली खाली ठेवून सुरूच झाली. किती दाट टांगलेत, वारा शिरणार कुठून, सगळे कुबट होणार! आणि ताई, तिच्या दोरीवरही तेवढेच दाट होते. मी हसलो, पाठीत धपाटा मिळाला.

मंगळवारी केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद तुमच्याच शाळेत होती. तू रजेवर होतीस. मी नवे कागद वाटले, नाव न लिहिता एकच प्रश्न: शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना कशाची गरज आहे? कागद पुरेनात गं! मग मी मोठ्याने वाचायला घेतलं. मुलं घरी कुणी भोजपुरी बोलतात, कुणी वारली. त्यांचं शिक्षकांना कळत नाही, शिक्षकांचं त्यांना. दुसऱ्या कागदावर तेच, तिसऱ्यावर तेच. "माज्याबद्दल कोणी लिवलं हे?" म्हणत हेमालीबाई उठल्या. आता भांडण होणार म्हणून मी कागद गोळा करायला लागलो. तेवढ्यात कमलाकांत गुरुजी उभे राहिले. "बसा बाई. मी बाजूच्या वर्गातल्या ललितसरांवर लिवलं, पण ते माजंच हाय. बिहारचं पोरगं काय काय सांगते, मी नुसती मान हलवतो." ललितसर म्हणाले, "मग मी काय करतो, गुरुजी? मीपण मानच हलवतो!" असे हसले सगळे! त्यानंतर एकेकजण आपलंच सांगू लागला.

मुलांच्या बोलीतून कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण मंजूर झालंय, ताई. शनिवारपासून, तुमच्याच शाळेत. निघताना गुरुजींनी विचारलं, "रुचिताबाईंना वाटते ना, त्यांनाच जमत नाय? त्यांना सांग, माज्या बाजूला बसायचं."

दिवाळीत ताटावर बसून तू रडलीस, 'पोरं बोलतात आणि मला कळत नाही' म्हणालीस. आई म्हणाली, सोड नोकरी. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगतो. तुम्हा दोघींना वाटतं, मी अभ्यासात कच्चा होतो म्हणून शाळा सुटली. तसं नाही. पहिलीत घरच्या बोलीत बोललो की गुरुजी म्हणायचे, नीट बोल. मी बोलणंच बंद केलं, ते नववीपर्यंत. माझं कळत नाही म्हणून त्या सगळ्या वर्षांत कुणाच्याच डोळ्यांत पाणी आलं नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांना कळत नाही म्हणून रडणारी बाई मिळालीय. तिला घालवू नकोस.

तुझाच,
सुजीत