समाधानातला ध

नागपूर,
फेब्रुवारी १९७९, बुधवार

चंपतराव,

तीर्थरूप लिहावं तर तुम्ही वयानं माझ्याहून लहान, चिरंजीव लिहावं तर माझ्या बायकोचे थोरले भाऊ. (लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा पेच मला सुटलेला नाही.) तेव्हा या देवराव मास्तराचा नुसता मानाचा रामराम घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? संत्र्यांचा मृगाचा बहार उतरवायला लागलात, की व्यापाऱ्याशी घासाघीसच चालली आहे? विहिरीवरचा पंप पाणी ओढतो का? इकडे तुमच्या भगिनी खुशाल आहेत, म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत. पुष्पलता आमच्याकडे आली आहे. तिचं डावं मनगट मोडलं आहे, तेच, जे दिवाळीच्या सुमारास मोडलं होतं. कारणही तेच, सासरच्या न्हाणीघरात पाय घसरला. त्या घरात सासू, सासरा, दीर, नवरा सगळे त्याच फरशीवर आंघोळ करतात, पण घसरते ती एकटी आमचीच मुलगी. या खेपेला मात्र ती उंबऱ्यातच म्हणाली की आता परत जाणार नाही, आणि मी म्हटलं, नको जाऊ. तो शब्द मी कसा सांभाळला, ते आता वाचा.

धंतोलीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की घसरणाऱ्या माणसाचा हात असा पिळवटत नाही, ठाण्यात जा. मी निवृत्तीच्या समारंभातला कोट घातला (बाह्यांना कसर लागली आहे, पण ती हात खाली ठेवले की दिसत नाही) आणि पोरीला घेऊन गेलो.

आमच्या मोहल्ल्याच्या ठाण्याचा लौकिक तुमच्या नरखेडपर्यंत पोचला नसेल, म्हणून सांगतो. नवे ठाणेदारसाहेब आल्यापासून इथे गुन्हा म्हणून घडत नाही, कारण तो लिहूनच घेत नाहीत. तक्रार घेऊन आलेल्याला आधी खुर्ची, मग चहा, मग समोरच्या पार्टीला बोलावणं, पुन्हा चहा, आणि शेवटी तक्रारवाल्यानं लिहून द्यायचं की माझे समाधान झाले असून आता काही म्हणणे नाही. याला ठाण्यात नुसतं ‘समाधान घेणं’ म्हणतात. आमच्या कोपऱ्यावरच्या धोंडबा न्हाव्याची सायकल चोरीला गेली, तर त्याला ठाण्याच्या आवारात पडलेली एक बायकी सायकल देऊन त्याचं समाधान घेतलं. पुढे इतवारीच्या बाजारात त्या सायकलच्या मालकिणीनं ती ओळखली आणि धोंडबाला चोर म्हणून पकडून त्याच ठाण्यात आणलं. तिथे तिला सायकल परत मिळाली, तिचंही समाधान घेतलं. धोंडबाला मात्र दोन दिवस आत बसवलं, आणि बाहेर येताना, मला कोणी मारलं नाही, याबद्दल त्याचं पुन्हा समाधान घेतलं. तो हल्ली गिऱ्हाइकाची दाढी उभ्यानंच करतो, स्टुलावर टेकत नाही. पण विचारलं तर समाधानी आहे म्हणतो, आणि आवाज खाली आणतो.

तर मी गेलो. पुष्पलतेला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि मला आत नेलं. पाहतो तो जावईबापू आधीच खुर्चीवर, हातात बशी. (ते सरकारी बांधकामाला रेती पुरवतात, ठाण्याची नवी भिंतही त्यांच्याच रेतीची आहे, हे मला चहा संपता संपता कळलं.) त्यांनी उठून माझ्या पाया पडावं, मी आशीर्वाद द्यावा, असं सगळं रीतसर झालं. मी म्हटलं, तक्रार लिहून घ्या. ठाणेदारसाहेब फार मायेनं म्हणाले, “गुरुजी, घरचा मामला आहे. कोर्टात जाऊन काय भेटन तुमाले? पोरगी जल्मभर घरी बसन.” मी म्हटलं, बसू द्या, लिहून घ्या. मी तसा भित्रा माणूस आहे, तुम्ही जाणताच, पण त्या दिवशी मी तीनदा ‘लिहून घ्या’ म्हणालो आणि मला माझंच नवल वाटलं. साहेबांनी रुपराव जमादाराला खूण केली. तो लिहू लागला आणि मला वाटलं, जिंकलो.

त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात समोरच पहिल्या ओळीत ‘समादान’ असं लिहिलेलं. द! चंपतराव, मी चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांतले ध आणि द वेगळे करत आलो. माझा हात आपोआप पुढे गेला, जमादाराच्या बोटांतली लेखणी मी काढून घेतली आणि द खोडून त्यावर ठसठशीत ध काढला. पुढे ‘तकरार’ होतं, तेही दुरुस्त केलं. कागद काय म्हणतो आहे, ते माझ्या डोक्यात उतरायच्या आतच रुपराव म्हणाला, “गुरुजी, हात लागलाच आहे तं खालती सही बी मारून द्या न. नाही तं कागदात खाडाखोड कोनं केली, तेचीच चौकशी लागन.” ठाणेदारसाहेबांनी सरकारी कागदाशी छेडछाड केल्याबद्दल काय होतं ते समजावलं, पेन्शनचा विषय काढला. जावईबापूंनी टेबलाच्या दिशेनं माझी खुर्ची जरा पुढे सरकवून दिली. मी सही केली. सुवाच्य केली. बाहेर आलो तेव्हा पोरीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती बाकावरून उठून चालू लागली. घरी तुमच्या भगिनींनी मात्र काय झालं ते विचारलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं.

इथवर झालं असतं तरी मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण येत्या रविवारी मोहल्ल्यातर्फे ठाणेदारसाहेबांचा सत्कार आहे. पिठाच्या गिरणीचे मनोहरराव अध्यक्ष आहेत. मंडप पडला आहे, लाउडस्पीकर ठरला आहे, आणि नागरिकांच्या समाधानाचा नमुना म्हणून आमची पुष्पलता आणि जावईबापू यांना जोडीनं मंचावर बसवायचं आहे. साहेब तिला साडीचोळी देतील आणि सर्वांच्या टाळ्यांत सासरी रवाना करतील. मानपत्र वाचणार कोण, तर ज्याचं शुद्धलेखन चांगलं आहे तो. मी. मनोहररावांना मी नाही म्हणून पाहिलं. ते म्हणाले की गुरुजी, आपल्या सर्वांना इथेच राहायचं आहे. ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांच्याही मुलाची कसली तरी समाधानं ठाण्यात जमा आहेत.

पुष्पलता दिवसभर एका हातानं घर झाडते. मी नको म्हणतो. ती म्हणते, मोडलेला हात दुसरा आहे. मला तिच्याकडे बघवत नाही, चंपतराव. मी तिला शब्द दिला होता. एका अक्षरापायी घालवला.

घरातल्या लहानथोरांना आमची आठवण द्यावी, आणि गुडघ्याला एरंडाचं पान बांधत जावं.

तुमचा,
देवराव

ता. क. – पत्र लिहायचं कारण राहिलंच. शनिवारी तुम्ही एकटे या आणि पुष्पलतेला नरखेडला घेऊन जा. मामा भाचीला नेतो, त्यात कोणी काही बोलू शकत नाही. वहिनींना बरं नाही, घरात माणूस हवं आहे, असं सांगा. गाजावाजा नको. रविवारी मंचावर मी काय ते पाहून घेईन.

ता. क. २ – कागदाच्या पाठीवर ‘कर्तव्यदक्ष’, ‘दीनांचे कैवारी’ वगैरे दिसेल ते वाचू नका. तो मानपत्राचा मसुदा आहे. घरात दुसरा कागद नव्हता.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेलो, तेवढ्यात दाराशी जीप थांबली. रुपराव जमादार आणि जावईबापू. रविवारी जोडपं एकाच घरून आलेलं शोभतं, म्हणून आजच न्यायला आले. शेजारपाजारचे सगळे दारात येऊन उभे. रुपरावानं माझी सही असलेला कागद उंच धरून दाखवला. मी त्यावरचा माझाच ठसठशीत ध बघत उभा राहिलो. तेव्हा पुष्पलताच पायरीवर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “समाधान बाबाचं घेतलं तुमी. मी तं बाहेर बाकावर होती, मले कोनं विचारलं? माह्यं नाही झालं समाधान. घ्या लिहून!” कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, धोंडबानं दुकानाचं दार ओढून घेतलं. जावईबापू जीपमधून उतरू लागले तर तुमच्या भगिनी मुसळ घेऊन पोरीच्या पुढे उभ्या राहिल्या, मग मीही राहिलो. जीप गेली. उद्या दुपारी साहेब स्वतः येणार, असं सांगून गेली.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, नरखेडच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो. वर ‘शनिवारी’ आणि ‘एकटे’ लिहिलं आहे, ते दोन्ही चूक समजा. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा, गावातली जी चार माणसं मिळतील ती घेऊन या, आणि सगळा मोहल्ला पाहील असे भर रस्त्यानं या. तोवर मी दारात खुर्ची टाकून बसलो आहे.